बिनहाताची खुर्ची

गौतम, गेल्या रविवारी दारव्ह्यात तुझी शोकसभा झाली आणि तुझा फोटो त्याच खुर्चीवर ठेवला होता. लाल मखमलीची, सोनेरी हातांची, लग्नात नवरदेव बसतो ती. मंगल कार्यालयवाल्याने ती पुसून दिली, आपले अध्यक्ष गोविंदशेठ यांनी स्वतः तिच्यावर पांढरी चादर टाकली, वर तुझा फोटो, फोटोला हार. मी दारातच थांबलो. चप्पल काढायचं निमित्त केलं आणि जरा वेळ भिंतीला हात लावून उभा राहिलो. हसू येत होतं की रडू, ते आजही सांगता येत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "घ्या, बसलो न एकदाचा तुमच्या खुर्चीवर. आता वाजवाचं नाई, मंग का अडचन हाय."

शेठजींनी मला सांगितलंय की यंदाच्या स्मरणिकेत तुझ्यावर दोन पानं लिहायची. जन्म, शिक्षण, खाणीतली नोकरी, अकॉर्डियन कुणाकडे शिकला, मागे कोण कोण आहे, सगळं आलं पाहिजे. मंडळाचा सेक्रेटरी मी, तेव्हा लिहिणार मीच. पण ते सगळं तुझ्या घरच्यांना माहीत आहे आणि इतरांना त्याचं काही नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे. फोनवर 'उद्या बोलतो' म्हणालो होतो, ते राहिलं. छापायचं की नाही ते शेठजी ठरवतील. मी आता दमलोय रे, ठरवून ठरवून.

तरी स्मरणिका वाचणाऱ्या नवख्या माणसासाठी एवढं सांगायला हवं. आपला मेळावा म्हणजे वर्षातला एक रविवार. एका जुन्या गायकाच्या आवाजावर जीव टाकणारी माणसं अकोला, वाशीम, पुसद, दिग्रस, कुठून कुठून दारव्ह्याला येतात. छातीला त्याच्या फोटोचा बिल्ला लावतात. दुर्मिळ तबकड्यांचं प्रदर्शन असतं, प्रश्नमंजुषा असते आणि दिवसभर गाणी. हौशी लोक गातात आणि त्यांच्या मागे बोलावलेले कलाकार वाजवतात. कुठल्या गाण्यात बासरी कोणाची, कुठल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला मेंडोलिनवाला उशिरा आला, हे आमच्यातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा. समोर बसून सकाळपासून वाजवणाऱ्या माणसाचं नाव मात्र बाजूच्याला विचारावं लागायचं. पत्रिकेवर चौदा पाहुण्यांची नावं ठळक अक्षरात असायची, आणि तळाशी 'संगीत साथ : गौतम आणि सहकारी.' तुझ्यासोबत दिग्रसचा शब्बीर ढोलक वाजवायचा, स्कूटर दुरुस्त करणारा. तो पत्रिका पाहून म्हणायचा, "मेरा नाम सहकारी." ती पत्रिका दरवर्षी मीच लिहीत होतो.

तू पहिल्यांदा आलास त्याला बारा वर्षं झाली. राजूरहून वणीपर्यंत ऑटो, वणीहून यवतमाळची एसटी, यवतमाळहून दारव्ह्याची. आदल्या दिवशी संध्याकाळी स्टँडवर उतरलास तेव्हा हातात अकॉर्डियनची ती काळी पेटी, आणि पहिलं वाक्य काय, तर, "कंडक्टरनं पेटीचं अर्धं तिकीट घेतलं. म्हनलं, चला, एसटीवाल्याले तरी वाजाची किंमत हाय." मी हसलो. चेष्टा वाटली मला. पाहुण्यांची सोय लॉजवर होती आणि तुझी कार्यालयाच्या स्टेजमागे, गाद्यांच्या ढिगावर. तू पेटी उशाशी घेऊन झोपलास. दुसऱ्या वर्षी हिनेच मला फैलावर घेतलं आणि तेव्हापासून तू आमच्या घरी उतरायला लागलास. त्या घरच्या चहावरच आपली ओळख वाढली, आणि भांडणंही.

त्या पहिल्या मेळाव्यात तू स्टेजवर आलास, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलास आणि लगेच उठलास. अकॉर्डियनचा भाता डावीकडे उघडतो. खुर्चीला हात असला की भाता त्याच्यावर आपटतो, कोपर अडकतं. तू माझ्याजवळ येऊन हळूच विचारलंस, "सेक्रेटरी, बिनहाताची खुर्ची हाय का एखांदी?" मी इकडेतिकडे पाहिलं, मिळाली नाही म्हणालो, आणि थंड्याच्या बाटल्यांचं एक क्रेट उलटं करून दिलं. त्या क्रेटवर तू संध्याकाळपर्यंत वाजवलंस. पुढच्या वर्षी मी विसरलो. पुन्हा क्रेट.

तिसऱ्या वर्षी हे शेठजींच्या कानावर गेलं. तुला माहीत आहे, माणूस मनाने मोठा आहे, आडतीच्या दुकानात आलेल्या हमालालाही चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. त्यांना फार वाईट वाटलं. आपल्या कलाकाराला क्रेटवर बसवलं? त्यांनी नवरदेवाची खुर्ची चार जणांकडून स्टेजवर आणवली. जाहीर केलं की कलावंताचं स्थान सिंहासनावर असतं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तू बसलास. भाता उघडायला गेलास आणि तुझं कोपर खुर्चीच्या हातावरच्या सोनेरी सिंहाच्या तोंडावर आपटलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं. मग तू उठलास, पट्टे खांद्यावर ओढलेस आणि सहा वाजेपर्यंत उभा राहून वाजवलंस. ते वजन मी एकदा उचलून पाहिलंय, दहा मिनिटांत माझी पाठ बोलायला लागली होती. शेठजी माइकवर म्हणाले, "पाहा, केवढी विनम्रता आहे. सिंहासन दिलं तरी हा माणूस बसत नाही." त्यानंतर दरवर्षी ती खुर्ची तुझ्या मागे ठेवली जायची आणि दरवर्षी तू तिच्यापुढे उभा राहायचास.

मी का बोललो नाही? एक वाक्य होतं फक्त. शेठजी, त्याला हात नसलेली साधी खुर्ची पाहिजे. पण इतक्या टाळ्यांच्या मध्ये ते वाक्य बोलायला जी ताकद लागते ती माझ्यात नव्हती. पोस्टात अख्खी नोकरी झाली माझी. आलेलं पाकीट पुढे सरकवायचं, उघडायचं नाही, ही सवय.

जेवणाचंही तसंच. दुपारी सगळे पंगतीला बसले की वातावरण राहावं म्हणून तुम्ही दोघांनी वाजवत राहायचं, असं आमचं ठरलेलं. फर्माइशी यायच्या, कोणी वांग्याच्या भाजीचा हात पुसून चिठ्ठी पाठवायचा. पंगती उठल्या की तुम्हाला ताट. तोवर मठ्ठा संपलेला, पोळ्या वातड झालेल्या. मागच्या पायऱ्यांवर तू आणि शब्बीर जेवत होतात तेव्हा मी वाढायला आलो. तू म्हणालास, "जेवनारा वाजवनाऱ्याकडं पाह्यत नाई, सेक्रेटरी. पन वाजवनारा सप्पा वेळ जेवनाऱ्याकडंच पाह्यते." शब्बीरला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मीही हसलो. तुझ्या बोलण्याला हसून मोकळं व्हायची आम्हाला सवयच लागली होती.

पण एक दिवस असा आहे की त्याच्यासाठी मी तुझा जन्मभर ऋणी आहे. सहाव्या की सातव्या वर्षीची गोष्ट. दुपारी तीनला लाइट गेली. माइक बंद, पंखे बंद. जनरेटरवाला फोन उचलेना. दोनशे माणसं घामाघूम होऊन उठायला लागली. तू कोणाला काही न विचारता स्टेजवरून खाली उतरलास, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत येऊन उभा राहिलास आणि भाता उघडला. आधी नुसता श्वास आला, मग सूर. कोणतं गाणं ते लिहीत नाही, आपल्या लोकांना लक्षात आहे. माणसं जिथे होती तिथे बसली. गोविंदशेठ गायले, त्यांची सूनबाई गायली, मी गायलो. मी, ज्याला घरात आंघोळ करतानाही गाऊ देत नाहीत. तू एकेकाच्या सुराप्रमाणे पट्टी खाली-वर करत घेत होतास, कोणालाच बेसूर वाटू दिलं नाहीस. तासाभराने लाइट आली तेव्हा लोकांनी ती बंद करायला लावली. माझ्या सबंध आयुष्यात मी इतका सुखी क्वचितच झालो असेन.

त्याच आनंदात आम्ही ती चूक केली. त्याच महिन्याच्या मीटिंगमध्ये शेठजी म्हणाले, गौतम आता परका नाही, घरचा माणूस आहे, त्याला मंडळाचा सन्माननीय आजीव सदस्य करू. ठराव मीच लिहिला, एकमताने पास झाला. पुढच्या मेळाव्यात शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र माझ्या अक्षरात. तुझे डोळे भरून आले होते, मी पाहिलं.

आणि संध्याकाळी तू पेटी बंद करून पॅसेजमध्ये उभा राहिलास. दरवर्षी आभारप्रदर्शन झाल्यावर मी तुला तिथे पाकीट द्यायचो, मुठीत मूठ घालून, जसं काही आपण दोघांनी मिळून चोरी केली आहे. त्या दिवशी मी रिकाम्या हाताने आलो. घटनेत कलम होतं की सदस्याने मंडळाकडून मानधन घेऊ नये. ते कलम मीच घातलं होतं. आपल्यातले काही हौशी गायक गाण्याचे पैसे मागायला लागले होते, त्यांना आवरायला. ते तुला लागू पडेल हे ठराव लिहिताना माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि आलं तेव्हा मी ते बदलायचं सोडून तुला समजावून सांगितलं. पॅसेजमध्ये, पाच मिनिटं, कलमाच्या नंबरासकट.

तू शालीची घडी करत ऐकत होतास. मग म्हणालास, "म्हंजे परका होतो तवा कामाचा होतो. घरचा झालो अन् फुकटचा झालो." आणि माझ्या खांद्यावर थोपटलंस. माझी समजूत घालत होतास तू.

त्यानंतरही तू दरवर्षी आलास. एसटीने, पेटीचं अर्धं तिकीट काढून, आणि पाकिटाऐवजी दरवर्षी एक शाल घेऊन परत गेलास. शब्बीर सदस्य नव्हता, त्याला पाकीट मिळायचं, आणि तो ते घेताना तुझ्याकडे पाहायचा नाही. इकडे आपलं भांडण सुरू झालं. ते आमच्या घरच्या चहावर दरवर्षी नव्याने सुरू व्हायचं आणि तुझी बस आली की थांबायचं. मी म्हणायचो, अरे, आम्ही तरी कुठे काय घेतो? मी महिनाभर राबतो, शेठजी खिशातून घालतात, सगळं प्रेमापोटी. तू म्हणायचास, "बरोबर हाय. पन तू फुकट ऐकतं अन् मी फुकट वाजवतो. हे दोन्ही एक कसं होईन?" मी म्हणायचो, प्रेमाला किंमत लावू नये. तू म्हणायचास, "नको लावू. पन जनरेटरवाल्यावर काहून नाई प्रेम करत तुम्ही?"

  जनरेटरवाल्याला आम्ही आगाऊ पैसे देत होतो, आणि लाइट गेली त्या दिवशी त्याने फोन उचलला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तू मला कागद घ्यायला लावलास. जुन्या पत्रिकेची कोरी बाजू होती. "लिही सेक्रेटरी, तुह्या अक्षरात लिही, माह्या अक्षराले कोनी मानत नाई." तू सांगत गेलास, मी लिहीत गेलो. तुझं बोलणं मी तिथल्या तिथे पुस्तकी मराठीत केलं, ती सवय जात नाही. कागद वाचून मी म्हणालो, चांगलं आहे, मीटिंगला ठेवतो. खिशात ठेवला. मीटिंग झाली, नाव काढलं नाही. शेठजींना वाटेल गौतम नाराज आहे, लोकांना वाटेल पैशासाठी वाजवतो, आत्ता नको, मेळावा तोंडावर आहे, मेळावा झाल्यावर पाहू. मेळावा झाल्यावर कोणाला वेळ असतो. दरवेळी तू विचारायचास, "कागद कुठं हाय?" मी छातीवर हात ठेवून म्हणायचो, इथंच आहे. खरं होतं ते. कागद मी कधी हरवला नाही.

शेवटचा फोन माझाच होता. यंदाचा रविवार ठरला होता, तो सांगायला केलेला. मी म्हटलं, गौतम, पंधरा तारखेच्या रविवारी ये. तुझा श्वास जरा जड वाटला, पण खाणीत काम केलेल्या माणसाचा श्वास तसा असतोच म्हणून मी लक्ष दिलं नाही. तू म्हणालास, "दरसाल म्हनतं, ये. यंदा ये म्हनू नको. इचार." मी म्हटलं, काय विचारू? तू म्हणालास, "येतं का, अन् का घेशीन. मोठा मानूस बोलावता तवा इचारता न तुम्ही? मले एकडाव इचार. मंग मी काही घेईन, नाई घेईन, ते माह्यं मी पाहीन." तेवढ्यात दारात गॅसवाला आला. मी म्हणालो, थांब, उद्या बोलतो. उद्या केला नाही. परवाही केला नाही. गॅसवाला तर निमित्त होता, मला तो प्रश्न तोंडातून काढायचा संकोच वाटत होता. आठव्या दिवशी वहिनींचा फोन आला.

राजूरला पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी आलो होतो. तुझ्या घरी बुद्धवंदना झाली, माणसं अंगणभर होती. तुझी अकॉर्डियन कपाटावर, तिला रंगीबेरंगी खोळ. जवळ जाऊन पाहिलं तर आमच्या शाली. वहिनींनी सगळ्या शाली कापून, जोडून खोळ शिवली होती. मी पाहतोय हे बघून म्हणाल्या, "लोकरीची हाय, धूळ लागत नाई आतमंधी." तुम्ही दिलेल्या शालींचा एवढाच उपयोग झाला, असं काही त्यांच्या मनात नव्हतं. पण मला तसंच ऐकू आलं.

मग जेवणं झाल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मी विचारलं, वहिनी, इतकं होऊन तो आमच्याकडे का येत होता? त्या म्हणाल्या, "मीबी तेच म्हनो भाऊजी. कायले जाता इतक्या दूर, गाडीभाडं घालून? इथं एप्रिलमंधी भीमजयंतीले वस्तीतले लोक आधी घरी येते, बसते, इचारते, गौतमभाऊ, का घ्याल? हे म्हनत, जे असन ते द्या. काही देत, काही नाई देत. पन इचारलं का हा मानूस आठ दिवस खुश. तुमच्याकडून आले का पेटी ठेवत अन् चूप झोपत." मग म्हणाल्या, "तरी म्हने, तिथं जानं पडते व. इथं लोक नाचते. तिथं ऐकते. असे ऐकनारे कुठं नाई भेटत."

गौतम, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. बरं केलंस. सांगितलं असतंस तर मी भांडणात तेच वापरलं असतं. म्हणालो असतो, बघ, तुला तुझं मानधन मिळतंच आहे की. मी स्वतःला तेवढा ओळखतो. आम्ही चांगले ऐकणारे होतो, यात शंका नाही. आणि तेवढ्या एका गुणावर आम्ही इतकी वर्षं तुला उभं ठेवलं.

आता शोकसभेचं सांगतो. भाषणं झाली. तुझ्या विनम्रतेची, सिंहासनावर न बसल्याची गोष्ट तीन वक्त्यांनी सांगितली. मग शेठजी उभे राहिले. तुझ्या फोटोला हात जोडले त्यांनी, मनापासून. म्हणाले, यंदाचा मेळावा गौतमला समर्पित, आणि श्रद्धांजली म्हणून सगळे कलाकार विनामूल्य सेवा देतील, मी सगळ्यांच्या वतीने जाहीर करतो. टाळ्या झाल्या. शेवटच्या रांगेत शब्बीर बसला होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या, दोनच, आणि हात मांडीवर ठेवून बसला.

आभार मानायला मी उठलो. आभार मानले नाहीत. खिशातून कागद काढला आणि सरळ वाचायला लागलो. बोलावण्याआधी विचारावं, येणार का आणि काय घेणार. जमत नसेल तर नाही म्हणावं, त्याचा राग येत नाही. ठरेल ते कार्यक्रमाआधी द्यावं, चार लोकांसमोर द्यावं, पॅसेजमध्ये नको. पत्रिकेवर प्रत्येकाचं नाव आणि वाद्य लिहावं, सहकारी नावाचा माणूस नसतो. गाडीभाडं माणसाचं द्यावं आणि पेटीचंही. जेवताना वाजवायला लावू नये, सोबत जेवू द्यावं. सत्कार करायचा असेल तर मानधनानंतर करावा, मानधनाऐवजी करू नये. आणि अकॉर्डियनवाल्याला बिनहाताची खुर्ची द्यावी. तो बसत नाही असं नाही, त्याला बसता येत नाही.

शेवटचं वाक्य वाचून मी कागदाची घडी केली.  शेठजी हळूच म्हणाले, "भावना चांगल्या हायेत. पुढच्या मीटिंगले विषय ठेवू." ते वाक्य माझंच होतं रे. मीच त्यांना शिकवलेलं. मी म्हटलं, पुढच्या मीटिंगले नाई शेठजी. आज. नाईतं सेक्रेटरी दुसरा पाहा. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लागल्यासारखं झालं होतं. ते त्या मखमली खुर्चीकडे वळले. मग म्हणाले, "त्याले बसता येत नव्हतं?" मी म्हटलं, नाही. "मंग मले काहून नाई सांगतलं कोनी?" याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि मी ते दिलं, सगळ्यांसमोर. माझी चूक म्हणून. ते खाली बसले आणि म्हणाले, "इचारा मंग तुम्ही कलाकारायले. पन असं इचारलं तं मानूस लाजते, सेक्रेटरी." त्यांना अजूनही तसंच वाटतं. वाटू दे.

सभा संपल्यावर मी पाणी प्यायला मागच्या स्वयंपाकघरात गेलो. चुलाण्याजवळ आचाऱ्याची खुर्ची होती. लाकडी, जुनी, बुटकी, पाठ असलेली, हात नसलेली. मी आचाऱ्याला विचारलं, ही कधीची? तो म्हणाला, "कार्यालय बांधलं तवापासून हाय. आमी पोळ्या लाटाले बसतो." स्टेजपासून वीस पावलं असेल ते स्वयंपाकघर. मी खुर्ची उचलून बाहेर आणली, तुझा फोटो मखमलीवरून काढला आणि तिच्यावर ठेवला. तिला पीठ लागलेलं होतं, ते तसंच राहू दिलं.

शब्बीर तोवर दिग्रसच्या जीपने निघून गेला होता. म्हणून सोमवारी सकाळी, चहा व्हायच्या आत, त्याला फोन लावला. मागे पाना आपटल्याचा आवाज येत होता, दुकान उघडलेलं होतं त्याने. मी म्हटलं, शब्बीरभाई, मी दारव्ह्याहून बोलून राह्यलो. पंधराच्या रविवारी आमचा मेळावा हाय. तुम्ही येता का? अन् का घ्याल?

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "कौन बोल रहे?"

मी नाव सांगितलं. "सेक्रेटरी साब, तबियत ठीक है ना आपकी?"

ठीक हाय, मी म्हटलं. सांगा, का घ्याल?

 मग त्याने आकडा सांगितला आणि घाईघाईने विचारलं, "जादा तो नहीं हुआ?" मी नाही म्हटलं, ठरलं म्हटलं, आणि पत्रिकेवर नाव कसं लिहायचं तेही विचारून घेतलं. त्याने पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. बारा वर्षांत मला ते माहीत नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा ही चहा घेऊन आली होती आणि चहा अजून गरम होता. दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती, गौतम.